परत न आलेली हाक
ओल्या कारवीचा वास आला की माझे पाय थांबतात. शाळेत असताना टीव्हीवरचे निन्जा पाहून मी आणि माझ्या चुलत बहिणीने आमच्या खेळासाठी एक निन्जा रचली होती. ती हाक मारायची आणि आवाज परत आला की समोर कडा आहे हे ओळखायची. एकदा सिद्धगड उतरताना कारवीच्या रानात आमची धुक्यात वाट चुकली, तेव्हा मीही तसंच केलं. डावीकडची हाक परत आली, उजवीकडची आली नाही. म्हणजे तिकडे मोकळं रान, असं समजून मी निघाले. बहिणीने वेणी धरून मला मागे ओढलं. "आवाज दरीत गेला गो, वाट नाय तिकडं." माझ्या पायाखालून सुटलेल्या दगडाचा आवाजसुद्धा आला नाही. हल्ली घरी आले की मी मुलांना हाक मारते, आणि ती ओ देईपर्यंत उंबऱ्यावरच उभी राहते.