विहिरीतलं तिसरं कासव

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

नालवाडीतल्या आमच्या घरी फिल्टर विकणारा आला होता. नळाच्या पाण्यात पेनासारखं मीटर बुडवून म्हणाला, "काकू, क्षार लय आहेत. फिल्टर घ्याच."

मी विचारलं, "फवारणीचं औषध असलं तर यात दिसते का?"

"नाई. यात फक्त क्षार दिसतात."

मला रोहणा गावातलं माझ्या माहेरचं घर आठवलं. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. पाणी साफ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडलेलं असायचं. बाबा कपाशीवर फवारून आले की फवारणीचा पंप विहिरीच्या काठावरच धुवायचे.

पोळ्यानंतर एक दिवस कासव उलटं तरंगताना दिसलं.

आई म्हणाली, "अवो, हे काऊन मेलं?"

"म्हातारं झालं असन. दुसरं आणतो."

दुसरंही मेलं. नदीवरून आणलेलं तिसरं आठवडाभरही टिकलं नाही. प्रत्येक वेळी मेलेलं बादलीनं बाहेर काढलं आणि त्याच बादलीनं पिण्याच्या पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, भरले. शेवटी बाबांनी कासव सोडणंच बंद केलं. पंप मात्र तिथंच धुतला जायचा.

तुमच्याही विहिरीत कासव होतं ना? ते मेलं, तेव्हा तुमच्या घरी कोणी पाणी प्यायचं थांबलं होतं का?