सातला सांगितलेली गाडी

आधीच सांगतो, भुताखेताच्या गोष्टी सुरू झाल्या की उठून जाणाऱ्यांपैकी मी आहे. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. कुणी लेथवर केलेला जॉब आणून दाखवला की आधी मोजायचं, मग बोलायचं, ही सवय. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या शेजाऱ्यांशी मी वाद घातलेले आहेत. त्यामुळं खाली जे लिहितोय ते मला स्वतःलाच... असो. घडलं तसं लिहितो.

आम्ही कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. गल्लीच्या तोंडाला आनंदरावांचं गाडी बुकिंगचं ऑफिस होतं. नव्वद सालाच्या आसपास एक टेबल, एक फोन आणि दोन अँबॅसिडर, एवढाच पसारा. पण गाडी सहाला सांगितली की पावणेसहाला दारात. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा नाही, गल्ली जागी होईल म्हणून. वर येऊन कडी वाजवायचा आणि न सांगता बॅग उचलायचा. दोन हजारनंतर इंडिका आल्या, गाड्या वाढल्या, ड्रायव्हर सारखे बदलायला लागले. आपण सांगितलेली गाडी लग्नाच्या भाड्याला जायची आणि फोनवर ऐकायला मिळायचं, "आलाच की हो, रंकाळ्यापाशी हाय." त्या रंकाळ्यापाशी एका वेळी किती गाड्या उभ्या असायच्या देव जाणे! तरी आम्ही त्यांनाच फोन करायचो. सवय, दुसरं काय.

दोन हजार चार किंवा पाच असेल. माझी मावशी, निलव्वा, जयसिंगपूरला असायची. आई थोरली, ती धाकटी. त्यांचं माहेर कर्नाटकच्या हद्दीला लागून, त्यामुळं दोघी एकमेकींशी कानडीच बोलायच्या. आम्हा मुलांना ते कधी नीट आलं नाही. तर या दोघींचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. मावशीच्या नातवाच्या बारशात आई चारचौघांत तिला लागेल असं काहीतरी बोलून गेली. चूक आईची होती, हे आईलाही ठाऊक होतं. पण आधी कोण जाणार?

एका संध्याकाळी मावशीच्या सुनेचा, सुरेखावहिनीचा फोन आला. "भावजी, डॉक्टरांनी सासूबाईंना घरी न्या म्हटलंय. सारखं 'अक्का, अक्का' करत्यात. उद्या सकाळीच या." अक्का म्हणजे माझी आई. त्या घरात सगळेच तिला अक्का म्हणायचे.

मी लगेच आनंदरावांकडं सकाळी सातची गाडी सांगितली. कशासाठी जायचंय तेही सांगितलं. "काळजीच नको सर. दिलीपला पाठवतो. तुमचं घर बघितलंय त्यानं."

पावणेसातपासून आम्ही दोघं खाली गेटमध्ये. आईचे गुडघे गेलेले, म्हणून मी तिला खुर्ची आणून दिली होती. सात झाले... सव्वासात झाले. मोबाईलवर आनंदरावांना फोन लावला. "निघालाय सर, येतोय." पावणेआठला परत लावला तर ते उलट माझ्यावरच चढले.

"चेष्टा करताय व्हय सर? दिलीपचा आत्ताच फोन आलता. हातकणंगले मागं टाकलं म्हणतोय. आजी बसल्यात की गाडीत!"

"अहो, आई इथं माझ्या शेजारी खुर्चीवर बसलीय!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की समोरच्या खिडक्या उघडल्या.

थापा पुष्कळ ऐकल्या होत्या, पण ही नवीन होती. तोंडाला येईल ते बोललो आणि फोन बंद केला. रिक्षा करून एसटी स्टँड गाठला, सांगलीची गाडी धरली. सगळा रस्ताभर आई गुडघे धरून बसली होती. जयसिंगपूरला घरी पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला आणि मी काय ते समजलो.

सुरेखावहिनी बाहेर आली, आईला बघून थबकली. "अक्का, कुठं गेलता तुम्ही? सगळीकडं हुडकलं तुम्हाला."

"आत्ताच येतोय की गं," आई म्हणाली. (आमच्याकडच्या बायका 'आलो, गेलो' असंच बोलतात.)

वहिनीनं माझ्याकडं बघितलं, मग आईच्या लुगड्याकडं. "तुम्ही ते डाळिंबी इरकल नेसलता ना?"

ते इरकल आईनं पहाटे काढलं होतं. आजाऱ्याकडं जाताना एवढं भारी नको म्हणून घडी घालून परत ट्रंकेत ठेवलं होतं. माझ्यासमोर. आता तिच्या अंगावर साधं राखाडी सुती होतं.

मग वहिनीनं सांगितलं ते असं. सव्वाआठच्या सुमाराला दारात गाडी थांबली आणि अक्का एकट्याच उतरल्या. माझा मावसभाऊ महादेव त्यांच्या पाया पडला. अक्का चहाला नको म्हणाल्या आणि थेट मावशीच्या उशाशी जाऊन बसल्या. मावशीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "अक्का बंदाळ." म्हणजे, अक्का आली. चार दिवसांत मावशी पहिल्यांदा स्पष्ट बोलली. दोघी तासभर बोलत होत्या. मग पाय धुऊन येतो म्हणून अक्का परसात गेल्या त्या परत आल्याच नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी मावशीचा श्वास थांबला.

आई दाराची चौकट धरून ऐकत होती. तिनं फक्त विचारलं, "मी काय बोललो तिच्याशी?"

"कानडीत चाललं होतं अक्का. मला कुठलं कळतंय?" वहिनी पेठ वडगावची, तिला कानडीचा गंध नाही. "पण सासूबाई हसल्या. तुमच्या गालावरनं हात फिरवला त्यांनी."

आईनं आपल्या गालाला हात लावला, जणू तिथं काही राहिलंय का बघत होती. मग आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी दिलीपला गाठला. खरं सांगायचं तर चार ठेवून द्यायच्या तयारीनंच गेलो होतो. तो बिचारा हात जोडून उभा. "सर, आईशप्पथ. सातला पाच कमी होते. आजी गेटवर एकट्याच उभ्या होत्या. मी म्हटलं, सर न्हाईत व्हय? तर म्हणाल्या, तो मागनं येतोय, तू चल लवकर." सातला पाच कमी असताना त्या गेटमध्ये मी स्वतः होतो. गल्लीत गाडीच काय, सायकलसुद्धा आली नव्हती.

नंतर मी सगळं धरून बघितलं. दिलीप चुकून दुसऱ्याच कुणा म्हातारीला घेऊन गेला म्हणावं, तर ती नेमकी मावशीच्याच दारात कशी उतरली? वहिनी दुःखात गोंधळली म्हणावं, तर पाया पडलेला महादेवही तेच सांगतो. आनंदराव, दिलीप आणि ते घर, सगळे मिळून माझ्याशी खोटं बोलतील असं काही कारण नाही. आनंदराव आणि दिलीप त्या घरातल्या कुणाला ओळखतही नव्हते. कुठलंच माप जुळत नाही.

आनंदरावांचं ऑफिस पुढं दोनेक वर्षांत बंद पडलं. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. आई त्यानंतर सहा वर्षं होती. त्या दिवसाबद्दल स्वतःहून कधी बोलली नाही. एकदाच, कुणाची तरी सांगितलेली गाडी आली नाही म्हणून गल्लीत तणतण चालली होती, तेव्हा मीही आनंदरावांच्या नावानं बोटं मोडायला लागलो, तर मला गप्प करत म्हणाली —

"त्याला कशाला बोलतोस? त्याची गाडी वेळेवर आलती. निलव्वाला मी भेटलो, बोललो, सगळं झालं. फक्त मी तिथं नव्हतो रे."