पिवळ्या काचेला अकोल्याचं ऊन

अकोल्यात बायकांचे फोटो काढणारी बाई एकच, माणिकबाई. ज्या सासवा सुनेला परक्या पुरुषासमोर बसू देत नसत, त्या माणिकबाईंना पाटावर बसवून चहा देत. नवऱ्याच्या मागे त्यांनी स्टुडिओ चालवला तो एका भिंगाच्या जोरावर. लढाईतल्या विमानातलं, तांब्याएवढं भिंग. नवऱ्यानं लिलावात घेतलेलं. काम झालं की ते मखमलीत, मखमल पेटीत, पेटीला कुलूप.

पासष्टच्या मार्चात घोटाळा झाला. मुलींच्या शाळेचा गटफोटो काढला; बसल्या अठ्ठावन्न मुली, छापून आली अठ्ठावन्न भुतं! काच चहासारखी पिवळी पडली होती. उजेड आत कमी जाई, म्हणून मुलींना जास्त वेळ न हलता बसावं लागे. आणि मुली कसल्या बसतात!

मुख्याध्यापिका चारुशीलाबाई खडूनं फळ्यावर लिहावं तसं बोलत. "माणिकबाई, एकवीस तारखेला पुन्हा काढा. नाही जमलं, तर यापुढे शाळेचं काम पंजाबरावांकडे."

पंजाबरावांचा स्टुडिओ समोरच. पान गालात धरून ते तिकडूनच ओरडले, "बाई, लगनाचे फोटो काढू काढू तुमच्या काचेले हळद लागली! आता उजवून टाका तिले!"

माणिकबाईंनी स्पिरिटनं पुसलं, मऊ कापडानं घासलं. पण पिवळेपणा वर नव्हताच, काचेच्या आत होता. शेवटी त्या गच्चीवर जाऊन बसल्या. सासू गोदाबाई तिथे तुरीची डाळ पसरत होत्या.

"काहून वं, तोंड पाडून बसली?"

"काच खराब झाली, आत्याबाई."

"ठेवतं कुठी तू तिले?"

"पेटीत. मखमलीत."

"बारा वर्सं अंधारात? डाळ असती तं सोंडे झाले असते! ऊन दाखव न माय तिले."

"काच हाय ते, डाळ नोहे."

"उनाले काय समजते ते?"

दुसरं काही हातात नव्हतंच. माणिकबाईंनी भिंग गोधडीवर ठेवलं. दुपारी गोधडीतून धूर! "मायबाई, हे तं चूल पेटवून राहिली!" म्हणत गोदाबाईंनी तांब्याभर पाणी ओतलं. मग भिंग पितळी परातीत गेलं. पापड उलथावा तसं माणिकबाई ते घटकेघटकेला उलथत, सांजेला खाली आणत.

"तळले की आमालेबी पाठवजा!" पंजाबराव खालून.

आठव्या दिवशी माणिकबाईंनी काचेमागे पांढरा कागद धरला. चहात दूध पडावं तसा काचेचा रंग फिका झाला होता. बाराव्या दिवशी कागद कागदासारखा दिसला. पांढरा!

एकवीस तारखेला मुली बसल्या, माणिकबाईंनी "हं!" म्हटलं आणि मुली हलायच्या आत काम झालं.

चारुशीलाबाईंनी फोटो खिडकीशी नेला, चष्मा वर केला, खाली केला. "शेवटच्या रांगेतल्या शकुनच्या कानातल्या कुडीचे मोतीसुद्धा मोजता येतात. माणिकबाई, काम तुमचंच."

कधी आवाज न चढवणाऱ्या माणिकबाई त्या दिवशी भर रस्त्यात ओरडल्या, "ओ पंजाबराव! या, पाहून जा!"

ते आले. पान थुंकले. बोट ठेवत ठेवत अठ्ठावन्न तोंडं मोजली.

"हे एक पोरगी डोये मिटून हाय."

"मिटले तं मिटले, भाऊ! साफ दिसून राहिले म्हणून तं समजलं तुमाले!"