कोचच्या बायकोनं टोकलं तेव्हा

काल टीव्हीवर एका म्हाताऱ्या फुटबॉल कोचचा सत्कार होता. त्याची सगळी हयात सांगत होते. जुने खेळाडू पडद्याआडून एकेक येऊन पाया पडत होते. कोल्हापुरात आमच्या पेठेच्या तालमीच्या टीमकडून मीपण फुटबॉल खेळलोय. पण त्या हार-शालीवर मी जळलो नाही.

कोच म्हणाला, "फायनलला डाव्या पायानं गोल मारला." शेजारी बसलेली त्याची बायको लगेच म्हणाली, "कुठला डावा? डावा सुजला होता, मीच शेकत बसले होते." सगळा हॉल हसला. मी जळलो ते तिथं.

आमची हौसा जाऊन वर्ष व्हायला आलं. ती चारचौघांत स्वयंपाकघरातनं ओरडायची, "ह्यांनी कसला गोल मारलाय! बॉल गुडघ्यावर आपटला आन् आत गेला."

सून म्हणाली, "मामा, तुम्ही किती गोल मारले हो?"

मी म्हटलं, "एका मॅचला तीन."

"अगंबाई, तीन!" म्हणून ती कौतुकानं चहा ठेवायला गेली.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिलो. एवढं धडधडीत खोटं बोललो, तरी तिकडनं कुणी ओरडलं नाही.