न दिसणारा टाका

रफूवालीचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक खिडकी, तिचं स्टूल आणि गिऱ्हाइकासाठी खुर्ची. भोक बुजवायला ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा काढायची, म्हणजे टाका कुणाला दिसत नसे. स्वतःचंही ती तसंच करायची. थोरला मुलगा भांडून घर सोडून गेला, त्यानंतरही खुर्चीतल्या माणसाला तिच्या चेहऱ्यावर काही सापडलं नाही. गिऱ्हाइकापुढे रडगाणं गायचं नाही, हा तिचा नेम.

एकदा एक प्रवासी कोट घेऊन आला. गावोगाव हिंडून मासिकात लिहिणारा. कोटाची कोपरं पार विरलेली.

"डोंगर चढलात की रांगलात?" रफूवालीनं विचारलं.

तो हसून खुर्चीत बसला तो बसलाच. कोट हातात पडल्यावरही दुसऱ्या दिवशी परत आला.

"मावशी, मी इथल्या पुलावर लिहायला आलो होतो. आता पूल राहू दे. तुमच्यावरच लिहितो."

तिची सुई थांबली. याचं लिहिलेलं लांब लांब जाणार, कुठेतरी थोरल्याच्याही हाती पडेल.

"मग एवढं लिहा. माझ्या थोरल्याच्या मनगटावर इस्त्रीचा डाग आहे. कुणाला दिसला तर सांगावं, आई रागावलेली नाही. बाप रागावला असता, पण तो बिचारा कधीच सुटला माझ्या तावडीतून."

आणि सवयीनं हसली. तोही पोट धरून हसला.

मासिक आलं. लेकीनं वाचून दाखवलं. लिहिलं सुरेख होतं: तिची बोटं, खिडकीतला उजेड, 'जिला दुःख शिवलंच नाही अशी हसरी मावशी'.

"डागाचं?"

"नाहीये, आई."

"नीट बघ. पान चिकटलं असेल."

"तू हसत हसत सांगितलंस ना. त्याला थट्टाच वाटली असणार."

रफूवालीनं पान बोटांनी चाचपून पाहिलं. मग म्हणाली, "थोरल्यानं हे वाचलं तर म्हणेल, आई मजेत आहे. मग कशाला येईल तो?"

लेकीनं मासिक मिटलं.

आता अनोळखी माणसं मासिक घेऊन येतात. धड कपडे मुद्दाम फाडून आणल्यासारखी. कपडा पुढे करणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाकडे रफूवाली आधी बघते.

"लेखातल्यासारखं हसा ना, मावशी."

गिऱ्हाइकच ते. ती हसते.