सुंदराक्कांचा अकराचा वर्ग

सुंदराक्का भेटल्या की नमस्कार करत नसत. "मूठ दाखव," म्हणत. समोरच्याने मूठ मिटून दाखवायची, मग बोटं उघडायची, आणि मग त्या स्वतःची मूठ पुढे करत. ती कधीच पुरती मिटत नसे. आत एखादं लिंबू राहील एवढी पोकळी उरायची, आणि बोटं करंगळीच्या बाजूला कललेली असायची. "माझी एवढीच. तुझी बघू?" पोस्टमनलाही त्यांनी हे विचारलेलं मी पाहिलं आहे.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो ते माझ्या बायकोला, विजयाला, घेऊन. आम्ही मिरजेचे. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून बंगलोरला आलो आणि मडिवाळला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. तिथे विजयाची बोटं सुजू लागली, मग मनगटं, मग खांदे. डॉक्टरांनी रूमॅटॉइड संधिवात असं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हालचाल ठेवा म्हणाले. गोळ्यांचं मी ऐकलं, हालचालीचं ऐकलं नाही. दुखणाऱ्या माणसाने पडून राहावं, एवढंच मला कळत होतं. कणीक मी मळायचो, कपडे मी धुवायचो, तिच्या ब्लाऊजची बटणंही मीच लावायचो. अक्कांना मी हे अभिमानानेच सांगितलं. "पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही मी तिला."

"मग तिचे हात काय शोकेसमध्ये ठेवायचे, अण्णा?" अक्का म्हणाल्या.

त्यांचं घराणं चार पिढ्या चिकपेटेत कापडाच्या धंद्यात होतं. मराठी घरातल्या, पण वाक्याला दोन शब्द कन्नडचे; थोडंला स्वल्प, बरंला सरी. त्यांना स्वतःला या आजाराने पस्तिशीत धरलं होतं. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडून त्या सगळं शिकल्या आणि आमच्या मराठी मंडळींच्या सभागृहात आठवड्यातून तीन दिवस वर्ग घेऊ लागल्या. त्या बाई महिन्यातून एकदा येऊन सगळ्यांचे सांधे तपासून जात. वर्ग सकाळी अकराला असे, कारण त्याआधी कुणाचेच हात उघडत नसत. दहा-बारा बायका आणि एक निवृत्त मास्तर, खुर्च्यांवर गोल बसलेले. हातात काठीऐवजी कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी. हलकी, गुळगुळीत, आणि दुकानात हव्या तेवढ्या. नळी दोन्ही हातांनी धरून वर न्यायची. "अजून स्वल्प. अजून स्वल्प. सरी, आता खाली. देवाला हार घालतेस की काय, एवढी घाई कसली?"

कुणी म्हणालं, आज फार दुखतंय, की त्या आधी सांध्यावर हात ठेवून बघत. गरम लागला तर म्हणत, "आज याच्याशी भांडू नको. नुसता हलव आणि सोड." गरम नसेल तर विचारीत, "परवा इथून गेल्यावर दोन तासांनी कसं होतं? वाढलं होतं? मग आज निम्मं." आणि मग ठरलेलं वाक्य. "कमी कर. बंद करू नको."

विजयाला एकच गोष्ट हवी होती. तिचे केस लांब आहेत, आणि वेणी तिला स्वतःची स्वतः घालायची होती. माझ्या हातची वेणी तिला आवडत नसे, मला जमतही नसे. पहिल्या दिवशी तिचा उजवा हात जेमतेम खांद्याइतका वर गेला. चार महिन्यांनी कानापर्यंत पोचला. सातव्या महिन्यात एकदा मी सभागृहात तिला न्यायला गेलो, तर ती पाठ करून उभी राहिली. वाकडीतिकडी, एका बाजूला सुटलेली वेणी. अक्का म्हणाल्या, "बघतोस काय? तुझ्यापेक्षा बरी आहे."

आता मला जे सांगायचं आहे ते इथून पुढे आहे.

तिला वर्गाला नेता यावं म्हणून मी दुसरी पाळी मागून घेतली होती. सकाळी स्वयंपाक, मग तिला स्कूटरवर बसवायचं. तिला मागे धरता येत नसे, म्हणून सगळा रस्ता हळू जायचं. वर्ग संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचं, परत यायचं, जेवायचं आणि दीडला कंपनीची बस धरायची. रात्री अकरा-साडेअकराला घरी. असं वर्षभर केलं. मी त्या बाकावर बसून झोपायचो. एकदा स्कूटर चालवताना डोळा लागला, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. मग साहेबांनी दिवसाच्या पाळीचं विचारलं, आणि मी हो म्हणालो.

घरी येऊन विजयाला सांगितलं, सभागृहाची फरशी उखडली आहे, वर्ग बंद आहे. अक्कांना दुकानात जाऊन सांगितलं, विजया माहेरी गेली आहे. "सरी," त्या म्हणाल्या. "तिथं व्यायाम सोडू नको म्हणावं." घरात फोन नव्हता. विजयाला कन्नड येत नव्हतं, एकटी ती कुठे जात नव्हती. मला फार कष्ट पडले नाहीत.

पहिले काही दिवस तिने लाटणं घेऊन घरीच व्यायाम केला. मग खांदा सुजला. "राहू दे गं, पडून राहा," मीच म्हणालो. अधूनमधून ती विचारायची, "झाली का हो फरशी?" मी म्हणायचो, "सरकारी काम आहे का ते? होईल."

पाच महिन्यांनी एका रविवारी दार वाजलं. अक्का उभ्या होत्या. दोन बस बदलून, त्या गुडघ्यांनी दोन जिने चढून आलेल्या. बगलेत पुठ्ठ्याची नळी. "म्हटलं, आली असेल माहेराहून," त्या म्हणाल्या, तेवढ्यात आतून विजयाचा आवाज आला, "अक्का! झाली का फरशी?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराची कडी धरून उभा होतो.

"झाली," त्या म्हणाल्या. "झाली बघ आत्ताच. मूठ दाखव."

मूठ बरी होती. खांदा मात्र धरला होता. अक्कांनी तिचा हात हळूहळू वर नेला, तो हनुवटीशी थांबला. त्यांनी दोनदा करून पाहिलं आणि ओंजळीतून काही ठेवावं तसा तो हात तिच्या मांडीवर ठेवला.

मी त्यांना सोडायला खाली गेलो. जिन्यात त्या एकेक पायरी थांबत उतरत होत्या. मी काहीतरी बोलू लागलो. "दमलास म्हणून सांगायचं होतंस, अण्णा," त्या म्हणाल्या. "दमलेल्याला मी कधी रागावले? कमी केलं असतं. तीन दिवसांचा एक दिवस केला असता. तू बंदच केलंस." खाली पोचल्यावर म्हणाल्या, "मी तिला सांगणार नाही. ते तुझं आहे. पण लौकर सांग."

वर्गाच्या दिवसांपैकी शनिवारी मला सुट्टी असे, रविवारसारखीच. तो एकच दिवस आम्ही पुन्हा जाऊ लागलो. पुष्कळसं परत आलं. कणीक ती मळू लागली, बटणं लावू लागली. हात कानापर्यंत आला आणि तिथेच राहिला. मानेमागे पुन्हा कधी गेला नाही.

मी सांगितलं नाही. एकदा वर्गात विजया सगळ्यांच्या देखत म्हणाली, "अक्का, तुम्ही फरशीत पाच महिने घालवले नसते, तर आज माझी वेणी मीच घातली असती." फरशी कधी उखडलीच नव्हती हे माहीत असलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. अक्का हसल्या. "हो गं, चुकलंच माझं. नळी उचल." पुढच्या वर्षी ती पुन्हा तेच बोलली, स्वल्प जास्त टोचून. तेव्हाही त्या हसल्याच. दोन्ही वेळा मी तिथे होतो.

गेल्या हिवाळ्यात अक्कांच्या छातीत कफ झाला आणि आठ दिवसांत त्या गेल्या. तेराव्याला आम्ही चिकपेटेतल्या घरी गेलो. विजया त्यांच्या सुनेला म्हणाली, "फार केलं हो त्यांनी माझं. फक्त तेवढे पाच महिने वर्ग बंद ठेवला..." सुनेने तोंड उघडलं. "बंद? अक्कांनी?" मी मध्येच म्हणालो, "चल, उशीर होतोय." आणि तिला उठवलं.

रिक्षात बसल्यावर मला स्वतःचीच किळस आली. मडिवाळ येईपर्यंत मी सगळं सांगितलं. फरशी, माहेर, बाक, स्कूटरवर लागलेला डोळा, अक्का जिन्यात बोलल्या ते. ती बाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी कंगवा घेऊन माझ्यापुढे पाठ करून बसली. मी केस विंचरू लागलो.

"दोनदा बोलले मी त्यांना," ती म्हणाली. "तोंडावर."

"हो."

"तुम्ही तिथेच उभे होतात."

"हो."

मी वेणी घालत राहिलो. अर्ध्यावर माझे हात थांबले. तिने मान वळवली नाही.

"दमलात तर सांगत जा," ती म्हणाली. "आता घाला. घट्ट घाला."