ज्या शहरातून डोंगर दिसतो

पाटणकरसाहेबांची आणि माझी पहिली भेट दुबईतल्या मुहैस्नाह भागात, सरकारी अर्ज भरून देणाऱ्या एका टायपिंग सेंटरमध्ये झाली. माझा धाकटा भाऊ सुनील रास अल खैमात कामावर असताना हृदय बंद पडून गेला होता. त्याला गावी न्यायचं म्हणून मी त्याचे कागद घेऊन दुबईतल्या सरकारी खिडक्यांपुढे उभा राहत होतो. मला इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या गावी या साऱ्या देशाला दुबईच म्हणतात. रास अल खैमा हा दुबईचा एखादा तालुका असेल, असं मी धरून चाललो होतो. त्यात दोन दिवस गेले.

साहेब तेव्हा एका बांधकाम कंपनीचे पीआरओ होते, म्हणजे कंपनीची सरकारी कचेऱ्यांतली कामं करून घेणारे. त्यांनी माझे कागद मागून घेतले, चाळले आणि म्हणाले, "हे इथे होणार नाही. तिथलं काम तिथेच."

मग एका कोऱ्या पानावर त्यांनी सात चौकोन काढले, या देशातल्या सात अमिरातींचे, म्हणजे राज्यांसारख्या सात भागांचे. व्हिसा आणि परराष्ट्र व्यवहार देशाचे. जमीन, नगरपालिका, परवाने, पोलीस ठाणी ज्या त्या अमिरातीची. काहींची तर कोर्टंही स्वतःची. कोणतं दार कोणाचं, हे त्यांना तोंडपाठ होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते स्वतःच्या गाडीतून मला रास अल खैमाला घेऊन गेले.  

आता सगळं ऑनलाइन झालंय, असं आपल्या इथल्या मराठी मंडळातली तरुण पोरं त्यांना चिडवतात. साहेब हसून म्हणतात, "यल्ला, चला, करा ऑनलाइन. चुकीच्या अमिरातीत अर्ज गेला की मला फोन करा." फोन येतातच.

त्या दिवशी मृत्यूचा दाखला मिळाला, पण सुनीलला गावी पाठवायच्या संमतीपत्रावर आईची सही हवी होती. तिनं फोनवर रास अल खैमाचं नाव ऐकलं आणि ती हटून बसली. आपला मुलगा दुबईला होता, हा दुसऱ्या कुणाचा तरी असणार, एवढंच ती म्हणत राहिली.  साहेबांनी माझ्या हातून फोन घेतला.

"काकी, मी पाटणकर, गुहागरचा. सुनील दुबईत नव्हता. हे शहर निराळं, याचा कारभार निराळा. इथे समुद्र आहे आणि मागे लगेच डोंगर."

 पलीकडून आई म्हणाली, "डोंगर दिसतो असं तो सांगायचा. मला वाटायचं, माझं मन राखतोय. दुबईत कुठला डोंगर?"

तिनं सही केली. सुनील घरी पोहोचला.

साहेबांना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि ते कायमचे गुहागरला परतत आहेत. आपणा सर्वांनाच त्यांची उणीव भासेल. मी अजून इथेच आहे. सात चौकोनांचं ते पान माझ्या पासपोर्टच्या पाकिटात आहे. सुट्टीच्या दिवशी कधी कधी मी रास अल खैमाला जातो, डोंगर पाहतो आणि परत येतो. आई फोनवर आधी तिथलीच हवा विचारते. गावात ते शहर पाहिलेलं कुणीच नाही.

साहेब, तुम्हाला निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. गुहागरहून आमचं गाव दोन तासांवर आहे. जमेल तेव्हा आईकडे जाऊन बसा, आणि तो डोंगर कसा दिसतो, ते तिला सांगा.